आधी जीभ, मग तळ

३ जानेवारी

दादा,

हे फोनवर बोलता येत नाही, कारण फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे आणि बाबांचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र.

सोमवारी त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. हृदयाचे ठोके चुकताहेत. दोन नीट पडतात, तिसरा राहतो, मग दोन एकदम येतात. डॉक्टरांनी विचारलं, कॉफी किती? बाबा म्हणाले दोन कप. मी म्हटलं सात. डॉक्टरांनी ती आजपासून पूर्ण बंद सांगितली. त्यावर बाबांनी त्यांनाच विचारलं की तुमचं शिक्षण कितपत झालंय. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी आल्यापासून महाभारत चालू आहे. या माणसानं कंपनीच्या चवघरात अडतीस वर्षं रोज दोनशे चमचे कॉफी तोंडात घेतली, घोळवली आणि थुंकली. आता म्हणतात, जन्मभर मालकासाठी थुंकलो, म्हातारपणी स्वतःसाठी गिळतोय तर तुमच्या पोटात का दुखतं? डबा वरच्या फळीवर ठेवला तर स्टुलावर चढले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि स्टुलावर. डबा कपाटात कोंडला तर वाटी घेऊन शेजारणीकडे गेले आणि तिला म्हणाले की मुलगी उपाशी मारते.

आता माझं ऐक. मी साडेचारला उठते. त्यांचं सगळं आवरून सहाच्या पाळीला गिरणीत पोचते. आठ तास दिव्याच्या काचेवरून कापड सरकत असतं, ते बघायचं आणि धागा तुटलेला दिसला की खडूची खूण करायची. डोळा मिटला की चार हात कापड पुढे गेलेलं असतं. परत आलं की बाबा आहेतच. थर्मास भरून कॉफी नेली नाही तर मी उभी राहणार नाही, हेही सांगून टाकते. त्यामुळे घरातून कॉफी हद्दपार करणं मलाच झेपणारं नाही.

तू ये. पंधरा दिवस ये. तुझं ते ऐकतात. आणि खरं सांगू? मला पंधरा दिवस नुसतं झोपायचं आहे.

ठमी


९ जानेवारी

ठमे,

अगं, पंधरा दिवस कुठले, मला इथे पंधरा मिनिटं मिळत नाहीत. आमच्या कारखान्याला पन्नास वर्षं होताहेत आणि स्मरणिका माझ्या गळ्यात पडली आहे. कॉफीचा सगळा इतिहास लिहायचा आहे. बकऱ्या नाचायला लागल्या म्हणून गुराख्याला या बिया सापडल्या, इथपासून सुरुवात. मला विचारशील तर ती थाप आहे, पण स्मरणिकेला थाप लागतेच.

एक गोष्ट तुला सांगतोच. म्हणे एका राजाला सिद्ध करायचं होतं की कॉफी विष आहे. त्यानं फाशीची शिक्षा झालेले दोन जुळे भाऊ निवडले. एकाला जन्मभर कॉफी पाजायची, दुसऱ्याला चहा, आणि कोण आधी मरतो ते बघायला दोन डॉक्टर नेमले. आधी एक डॉक्टर गेला, मग दुसरा. मग राजाचाच खून झाला. जुळे मजेत म्हातारे झाले, आणि त्यातला चहावाला आधी गेला. बाबांना मात्र ही गोष्ट सांगू नकोस, डोक्यावर बसतील.

आणि तुझ्या कामाचीही गोष्ट आहे यात. गिरण्या यायच्या आधी कितीतरी ठिकाणी लोक सकाळी बीअर पिऊन कामाला जायचे. यंत्रं आली, भिंतीवर घड्याळ आलं, तशी मालकांना झिंगलेली माणसं चालेनात. चहा-कॉफी नसती तर पाळ्याच चालल्या नसत्या असं म्हणतात. मजा अशी की कॅफिन ताकद मुळीच देत नाही. काम करून अंगात शीण साठतो, त्याचा निरोप मेंदूकडे जातो. कॅफिन त्या निरोप्याच्या जागेवर आधीच जाऊन बसतं. शीण असतो तिथेच असतो, फक्त आपल्याला कळत नाही. आमच्या कारखान्यात आम्ही हेच कॅफिन बियांमधून काढून घेतो. निघालेली पांढरी पूड फेकत नाही हं. शीतपेयवाले नेतात, डोकेदुखीच्या गोळ्या करणारे नेतात.

तर उपाय सांगतो. सोबत दोन मोठे डबे पाठवतोय. मिश्रण एक, भाजणी एक, रंग एक. एकातलं कॅफिन काढलेलं आहे, तो बाबांचा. दुसरा तुझा. दोन्ही मार्चअखेरपर्यंत पुरतील. त्यांना काही सांगू नकोस. कितीही झालं तरी जीभ अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. डब्यांवर वरून काही लिहायचं नाही, आपल्या घरच्या रीतीनं तळाला चिठ्ठी लाव. तुझा एक, त्यांचा दोन.

कशी आहे युक्ती? येण्यापेक्षा बरी.

दादा


२६ जानेवारी

दादा,

डबे पंधरा तारखेला मिळाले. तळाला चिठ्ठ्या लावल्या. लावताना हसू आलं. लहानपणी आपल्याकडे औषधाच्या बाटलीचं नावसुद्धा बुडाला असायचं. नाव आधी वाचलं की जीभ खोटं बोलते, म्हणून आधी जीभ, मग तळ, हे बाबांनी आपल्याला बाराखडीच्या आधी शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी घोट घेतला, चवघरात घोळवायचे तसा घोळवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग "ठीक आहे" म्हणाले आणि कप संपवला. दोन-तीन दिवस गप्प गप्प होते. मला वाटलं, आता बिंग फुटतं.

पण काय सांगू, एकोणीस-वीस तारखेपासून माणूस बदललाय. माझ्याआधी उठतात. आपला चवघरातला चांदीचा चमचा घासूनपुसून ठेवतात. परवा स्वयंपाकघरात शीळ घालत होते. डॉक्टरांचं नाव काढलं तरी चिडत नाहीत. हात जरा थरथरतो, पण ते वयानं असेल. तुझ्या डब्याला मानलं.

माझं मात्र उलटं चाललंय. आठवडाभर कपाळ ठणकतंय, डोळ्यांच्या मागे. सारखी पेंग येते. मुकादमीणबाई काही बोलली तर तिच्या अंगावर धावून जावंसं वाटतं. एक डोकेदुखीची गोळी घेतली की तासाभरात उतरतं, पण रोज किती गोळ्या खायच्या? रविवारी दुपारी पडले ती चार तास उठलेच नाही. बाबांनी उठवलंही नाही, वर अंगावर चादर घातली. इतक्या वर्षांत त्यांनी असं काही केल्याचं मला आठवत नाही.

ठमी


१ फेब्रुवारी

ठमे,

तुझं पत्र कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवलं. साहेब तर खूशच झाले. म्हणाले, हे स्मरणिकेत आलंच पाहिजे. तेव्हा पान एकतीसवर चौकटीत घेतलंय: एका नामवंत चवपारख्यालाही फरक ओळखता आला नाही, उलट त्यांची प्रकृती सुधारली. नाव दिलेलं नाही, काळजी नको. छापलेली पहिली पानं सोबत पाठवतोय, बाबांना दाखवू नकोस, पण तू वाच. पान बावीसवर कॅफिनचे शरीरावर होणारे परिणाम मी फार मेहनतीनं लिहिले आहेत.

तुझ्या डोकेदुखीचं म्हणशील तर चष्म्याचा नंबर वाढला असणार. दिवसभर उजेडाकडे बघून दुसरं काय होणार? शिवाय तुला काळजी करायची सवय आहे, आईसारखी. कॉफी जरा जास्त घेत जा, तरतरी येईल.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

माझं काम गेलं.

शनिवारी सकाळी काचेपाशी बसले होते. कापड पांढरं होतं, बारीक विणीचं. मला आठवतंय ते एवढंच की मी धागा बघत होते. मग मुकादमीणबाईनं खांदा हलवला. यंत्र बंद होतं आणि सगळ्या माझ्याभोवती उभ्या होत्या. डोळे उघडे ठेवून मी झोपले होते म्हणे. मग मागचं तपासलं, तर त्याच आठवड्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक धागा तुटलेले दोन तागे माझ्या हातून तसेच पुढे गेले होते, कापले गेले होते, त्यांचे अंगरखेही शिवून झाले होते. एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक वीत कापड चुकीचं गेलं नव्हतं. व्यवस्थापक काही वाईट बोलले नाहीत. डोळे गेलेलं माणूस आम्हाला इथे चालत नाही, एवढंच म्हणाले.

तुझ्या सांगण्यावरून कॉफी वाढवली होती, बरं का. थर्मासचे पाच कपांचे आठ केले होते. पाण्यासारखी जात होती, काही उपयोग नाही.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कॉफी करतेस?" मी केली. दोघांनी बसून प्यायली. मी रडत होते आणि ते कपात बघत होते.

तू आठ दिवस तरी ये. माझ्यासाठी ये. तुझी पानं इथे पडली आहेत, मला अक्षरं दिसत नाहीत.

ठमी


१९ फेब्रुवारी

ठमे,

वाचून वाईट वाटलं. पण म्हणतात ना, होतं ते बऱ्यासाठी. त्या काचेनं तुझे डोळे खाल्ले असते. आता तू घरीच आहेस तर बाबांकडे पूर्ण लक्ष देता येईल, माझीही एक काळजी मिटली. समारंभ बारा मार्चला आहे. तो उरकला की येतोच. शब्द देतो.

तुझी वहिनी म्हणते, ठमीला विश्रांतीची गरज होतीच.

दादा


२४ मार्च

ठमे,

तिथे तीन दिवस होतो, पण माणसांच्या गर्दीत तुझ्याशी नीट बोलता आलं नाही. बोलायचं धाडसही झालं नाही. आता लिहितो.

बाबा सहा मार्चला गेले. मी सातला पोचलो. त्या दिवशी संध्याकाळी तू आडवी झाली होतीस म्हणून कॉफी मीच केली. सवयीनं डबा उलटा करून बघितला. तळाला दोन होता, म्हणजे बाबांचा. म्हटलं त्यांच्या आठवणीनं त्यांच्यातली घ्यावी. पहिल्या घोटाला मला काहीतरी खटकलं. मी बाबांएवढा नाही, पण त्यांचाच मुलगा आहे. शेवटचा कडवटपणा जिभेवर रेंगाळत होता, आणि आमच्या मालात तो रेंगाळत नाही. निघताना दोन्ही डब्यांतली मूठ मूठ कागदात बांधून आणली आणि इथल्या प्रयोगशाळेत तपासून घेतली.

डबा क्रमांक दोनमध्ये कॅफिन पूर्ण आहे. डबा क्रमांक एकमध्ये नाही.

ठमे, कारखान्यातून डबे बरोबर गेले होते. मी स्वतः बांधले होते, झाकणाच्या आत खूण केली होती, ती आजही जुळते. म्हणजे चिठ्ठ्या लावताना तू चुकलीस. सात आठवडे तू त्यांना तेच पाजलंस जे डॉक्टरांनी बंद केलं होतं. मी हे रागानं लिहीत नाही. तू थकलेली होतीस, मला कळतं. डॉक्टर म्हणाले की या वयात असंही झालं असतं. पण मग एवढी खटपट मी कशासाठी केली, हा विचार मनातून जात नाही.

मी कुणाला सांगणार नव्हतो. पण काकांनी फारच खोदून विचारलं तेव्हा खोटं बोलवेना. ते म्हणाले, पोरीच्या हातून झालंय, तिला टोचून बोलू नका. तसं कुणी बोलणार नाही.

दादा


३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मीसुद्धा तेच मानलं. मला वाटलं, असेल बाई, मीच मारलं असेल बाबांना. दोन रात्री मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीशी बोलून माफी मागितली. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

तू आठवण म्हणून चांदीचा चमचा नेलास. त्याच कपाटात त्यांची चवघरातली वही होती, ती तुला नको होती. नुसते आकडे आहेत म्हणालास. मला वाटलं जुनीच असेल. तिसऱ्या दिवशी कपाट रिकामं करताना शेवटची पानं उघडली. पुढचं त्यांच्या अक्षरातलं आहे. एक शब्द मी घातलेला नाही.

१५ जाने. नमुना २, माझा. रंग बरोबर. वास बरोबर. जिभेवर मागे काही थांबत नाही. मेलेला. थोरल्याच्या कारखान्याचा माल. पोरं मला फसवताहेत.

१६ जाने. नमुना १, पोरीचा, ती कामावर गेल्यावर. जिवंत.

१८ जाने. पोरगी पाच कप घेऊन जाते. रात्री छताकडे बघत पडलेली असते. तिची आई अशीच झिजली. तिला हा मेलेलाच बरा, निदान झोपेल. चिठ्ठ्या बदलल्या. जागाही बदलल्या.

२५ जाने. पोरगी दुपारी चार तास झोपली. बरं वाटलं.

२९ जाने. डोकं दुखतं म्हणते. सुटताना दुखतंच. उतरेल.

वाचतोयस ना? ज्या माणसानं आपल्याला तळ बघायला शिकवलं, त्याच्यापासून लपवायचं म्हणून आपण दोघांनी तळालाच लिहिलं. तुला सुचलं आणि मी हसत हसत लावलं. तू हुशार आणि मी तुझी बहीण.

हे वाचून मला आधी रडूच कोसळलं. म्हटलं, म्हाताऱ्यानं माझ्या झोपेसाठी केलं. आईचं नाव त्यांनी कधी काढलं नव्हतं, ते वहीत काढलंय. मी वही छातीशी धरून बसले. मग पान उलटलं.

७ फेब्रु. पोरीचं काम गेलं. कापडावर झोप लागली. माझ्यामुळे. आज सांगायचं.

८ फेब्रु. सांगितलं नाही. सांगितलं तर डबा जाईल. उद्या.

९ फेब्रु. सकाळचा कप उत्तम.

त्यापुढे "उद्या" हा शब्द कुठेच नाही. सहा मार्चपर्यंत रोजच्या कपाला शेरा दिलाय. बरा, उत्तम, पाणी जास्त, उत्तम. सात तारखेला मी समोर बसून रडत होते, त्या संध्याकाळच्या कपालासुद्धा पानाच्या कडेला शेरा आहे. मध्ये एकच वाक्य वेगळं आहे, दोन मार्चचं. तुझी पानं त्यांना सापडली असावीत. लिहिलंय, थोरल्यानं छापलंय की मला फरक कळला नाही. गाढव.

मला बाबांचा राग येतोय, दादा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतोय त्याला मी काय करू? एक महिना ते माझ्यासमोर बसून प्यायले. मी रोज उठून आजूबाजूच्या गिरण्यांत काम विचारायला जात होते आणि डोळे गेलेली बाई म्हणून तिथून मला परत पाठवत होते. आल्यावर ते विचारायचे, मिळालं का? माझे डोळे चांगले आहेत हे या जगात एका माणसाला माहीत होतं. तो एक वाक्य बोलला असता तर मी व्यवस्थापकांच्या पायऱ्या चढून गेले असते. डबा काढून घेतला असता का मी? कदाचित घेतलाही असता. तेवढ्यासाठी ते गप्प राहिले.

आणि तुझाही राग येतोय. काल तुझं पान बावीस वाचलं. कॉफी अचानक सुटली तर कपाळ ठणकतं, पेंग येते, माणूस चिडचिडा होतो, आणि कॅफिन घातलेली डोकेदुखीची गोळी घेतली की तात्पुरतं बरं वाटतं. शब्द न् शब्द मी तुला सव्वीस जानेवारीला लिहून कळवलं होतं. तू ते कचेरीत वाचून दाखवलंस. तुमच्या बियांतून काढलेली पूड मी गोळ्यांतून पैसे देऊन परत खात होते, आणि तू मला चष्मा बदलायला सांगितलंस. तू आला असतास, एक कप माझ्या डब्यातला प्यायला असतास, तर पहिल्याच घोटाला तुझ्या जिभेला कळलं असतं. सात मार्चला कळलं तसं.

वही याच पाकिटात पाठवतेय. मला ती घरात नको. एकच काम कर. काकांना पत्र लिही, ज्यांना ज्यांना सांगितलंस त्या सगळ्यांना लिही, की ठमीच्या हातून काही झालेलं नाही. तू तुझ्या हातानं लिही. मी लिहिलं तर त्यांना वाटेल, पोरगी आता मेलेल्या बापावर ढकलतेय. त्या राजाच्या गोष्टीचं मी काही म्हणत नाही, ती राहू दे स्मरणिकेत.

डबा क्रमांक दोनमध्ये तळाशी थोडी उरली होती. आठ दिवस झाले, मी तीच पिते. तिसऱ्या दिवशी डोकं मोकळं झालं. आता पहाटे साडेचारला लख्ख जाग येते, पेंग नाही, काही नाही. मग उजाडेपर्यंत बाबांच्या खुर्चीत बसून राहते, कारण जायचं कुठेच नसतं.

ठमी